परदेशी एलएलएम म्हणजे सनद नव्हे

(आखाडा बाळापूर येथे विधी शाखेचे विद्यार्थी, नवोदित वकील आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘परदेशात वकिलीच्या संधी’. संधी या शब्दाला मी जरा घाबरतो. हिंगोली-नांदेड रस्त्यावर हल्ली प्रत्येक मोठ्या गावात ‘स्टडी अब्रॉड’ची पाटी लागली आहे आणि त्या पाटीवर हाच शब्द असतो. म्हणून मी आज संधीबद्दल कमी आणि दारांबद्दल जास्त बोलणार आहे. दार कुठलं, त्याची किल्ली कोणाकडे, आणि किल्ली म्हणून आपल्याला भलतंच काही विकलं तर जात नाही ना, एवढं आज समजलं तरी खूप झालं.

आधी एक साधी गोष्ट. डॉक्टरकी आणि वकिली यांत फरक काय? माणसाचं काळीज बाळापुरात जिथे असतं तिथेच ते बर्मिंगहॅममध्येही असतं. कायद्याचं तसं नाही. कायदा जमिनीला बांधलेला असतो. त्यासाठी लंडनला जायची गरज नाही, पैनगंगा ओलांडून उमरखेडला जा. इकडे आपल्याकडे कुळाचा दावा आजही हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० खाली चालतो. तिकडे विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा, आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा तिसरा. एकच राज्य, एकच उच्च न्यायालय, एकच मराठी भाषा, तरी नदी ओलांडली की वकिलाला दुसरं पुस्तक उघडावं लागतं.

आपल्या आजोबांच्या पिढीतल्या वकिलांनी तर याहून मोठं स्थलांतर घरबसल्या केलं. निजामाच्या राज्यात न्यायालयाची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठात कायदाही उर्दूतूनच शिकवला जाई. मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. ज्यांनी उर्दूत फिर्यादी लिहिल्या, उर्दूत उलटतपासण्या घेतल्या, त्यांना वयाच्या चाळिशी-पन्नाशीत इंग्रजी कायदेपुस्तकं, मराठी अर्ज आणि नवी कार्यपद्धती शिकावी लागली. गाव तेच, अशील तेच, कोर्टाची इमारत तीच, फक्त राज्य बदललं होतं. आजही जमिनीच्या दाव्यात १९५४ चं खासरा पाहणीपत्रक निघतं आणि आपण उर्दू वाचणारा माणूस शोधत फिरतो. तेव्हा, ‘एका देशाचा वकील दुसऱ्या देशात कसा वकील होतो’ हा प्रश्न आपल्याला अगदीच नवा नाही.

आता मूळ मुद्दा. मला भेटणाऱ्या दहा पालकांपैकी आठ जण एकच वाक्य बोलतात, ‘वकीलसाहेब, पोराला लंडनला एलएलएमला पाठवायचं म्हणतोय, मग तो तिकडं वकील होईल.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग शक्य आहे. दुसरा अर्धा चुकीचा आहे. इंग्लंडचं एलएलएम ही पदवी आहे, सनद नाही. ते करून इंग्लंडमध्ये वकिली करता येत नाही, आणि वकिलीची सनद मिळवण्यासाठी ते करावं लागतही नाही. हे दोन्ही नियम तिथल्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. एजंट ते दाखवत नाही, कारण त्याचं कमिशन विद्यापीठाच्या प्रवेशावर असतं, परीक्षेवर नसतं.

आपल्याच पट्ट्यातल्या एका घराचं मी पाहिलं आहे. हळदीचं रान विकलं, पोरगा एक वर्ष जाऊन आला, पदवी चांगल्या गुणांनी मिळवली. आल्यावर कळलं की तिकडच्या वकिलीच्या परीक्षेचं नावही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती परीक्षा त्याने नंतर इथे बसून द्यायला घेतली. म्हणजे जे त्याला रान न विकता करता आलं असतं तेच.

पदवी आणि सनद यांतला हा फरक ज्यांनी पक्का ओळखला होता, त्यांचं नाव सर्वांना माहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला पोहोचले तेव्हा त्यांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी नावं घातली. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत मिळाली, आणि १९२० मध्ये ते परत गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्यांच्याकडे अमेरिकेचं आणि इंग्लंडचं एवढं मोठं शिक्षण होतं, पण मुंबईच्या न्यायालयात उभं राहण्याचा हक्क त्यांना ग्रेज इनने दिला. अर्थशास्त्राच्या पदव्यांनी तो दिला नाही, देऊही शकत नव्हत्या.

त्यांच्याही आधी मुंबईच्या तय्यबजी कुटुंबातले दोन भाऊ दोन दारांनी आत गेले होते. कमरुद्दीन तय्यबजी १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. धाकटे बदरुद्दीन १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन परतले, मुंबईतले पहिले भारतीय बॅरिस्टर. पुढे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर ही दोन दारं तिथे आजही वेगळी आहेत. सॉलिसिटर अशिलाला भेटतो, कागद तयार करतो, व्यवहार पाहतो. बॅरिस्टर मुख्यतः न्यायालयात बाजू मांडतो. आपल्याकडे एकच वकील दोन्ही करतो, म्हणून आपल्याला हा फरक पटकन कळत नाही.

मुलींना एक नाव सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली आणि विद्यापीठाने त्यांना पदवी दिली १९२२ मध्ये. मधली तीस वर्षं अभ्यास कमी पडला म्हणून गेली नाहीत. बाई म्हणून दार बंद होतं. त्या काळात त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची कामं सल्लागार म्हणून पाहिली. ज्या बायकांना परपुरुष वकिलासमोर येता येत नव्हतं, त्यांना विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. आज इथे मागच्या बाजूला ज्या पाच-सहा मुली बसल्या आहेत त्यांच्यापुढे तसं दार बंद नाही. त्यांच्यापुढे वेगळी अडचण आहे, तिच्याकडे मी शेवटी येतो.

‘बॅरिस्टर’ हा शब्द आपल्याकडे अजून मोठा वाटतो, अंतुले साहेबांमुळेही असेल. पण एक लक्षात ठेवा. आपल्या १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात इंग्लंडच्या बॅरिस्टरला थेट इथली सनद मिळण्याची जी सोय होती ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरती होती. त्यानंतर तो जवळचा रस्ता बंद झाला. आज तिकडे बॅरिस्टर झालेला मुलगा इथे आपोआप वकील होत नाही.

आता इंग्लंडचं आजचं दार. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई नावाची परीक्षा आहे, सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन. तिचे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, पाच पर्यायांतून सर्वांत योग्य उत्तर निवडायचं. करार, अपकृत्य, व्यवसायविषयक कायदा, दाव्यांची कार्यपद्धती, घटनात्मक कायदा हे एकीकडे. जमीन, मृत्युपत्र, विश्वस्त, फौजदारी कायदा आणि सॉलिसिटरने अशिलाचे पैसे कसे सांभाळायचे त्याचे हिशोब हे दुसरीकडे. आपल्या एलएलबीत करार आणि अपकृत्य शिकलेल्या मुलाला निम्मं ओळखीचं वाटेल. जमिनीचा भाग मात्र पूर्ण नवा. उमरखेडचं मी उगीच सांगितलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदा, पत्र, कायद्याचा शोध. बारा लेखी कामं आणि चार तोंडी. पहिला टप्पा भारतातल्या मोठ्या शहरांतल्या पिअर्सन व्ह्यू केंद्रावर देता येतो. दुसऱ्या टप्प्याचा लेखी भागही देशाबाहेरच्या केंद्रांवर होतो, पण तोंडी भागासाठी इंग्लंड किंवा वेल्समध्ये जावं लागतं. फी दोन्ही टप्प्यांची मिळून पाच हजार पौंडांच्या जरा खाली आहे. म्हणजे रुपयांत साडेपाच लाखांच्या आसपास किंवा थोडी वर. पहिल्या टप्प्याची त्यातली दोन हजार पौंडांच्या आत. पहिला टप्पा पास झाल्याशिवाय दुसऱ्याचे पैसे भरायची गरज नाही. एलएलएमचा खर्च फी आणि राहणं धरून पंचवीस-तीस लाखांच्या घरात सहज जातो. दोन्ही आकडे घरी शेजारी शेजारी लिहून पाहा. तयारीचे वर्ग लावले तर त्याची फी वेगळी, पण ते वर्ग सक्तीचे नाहीत.

परीक्षा सोपी आहे असं मात्र समजू नका. पहिल्या टप्प्यात प्रत्येक वेळी बसणाऱ्यांपैकी ढोबळमानाने निम्मेच पास होतात, आणि बसणाऱ्यांत तिथेच शिकलेली मुलं असतात. सहा वर्षांत तीनच प्रयत्न मिळतात.

आता यातली खरी मोलाची गोष्ट, जी इथे बसून ठरते. नुसत्या पदवीधराला या दोन परीक्षांशिवाय दोन वर्षांचं कायद्याचं काम दाखवावं लागतं, आणि त्या कामाला इंग्लंडच्या सॉलिसिटरची किंवा तिथल्या फर्मच्या जबाबदार अधिकाऱ्याची पुष्टी लागते. कळमनुरीच्या कोर्टात तुमच्या सीनियरने दिलेलं प्रमाणपत्र तिथे चालणार नाही, ते कितीही मोठे वकील असोत. पण ज्याच्याकडे आपल्या देशाची सनद आहे, जो आधीच वकील आहे, त्याला ही दोन वर्षांची अट नाही. शिवाय दोन-तीन वर्षं प्रत्यक्ष वकिली केलेल्याला दुसऱ्या टप्प्यातून सूट मागता येते. ती मिळेलच असं नाही, कामाचा पुरावा तपासतात आणि इंग्रजीचाही पुरावा मागतात. पण अर्ज करायचा हक्क आहे. तेव्हा एलएलबी झाल्या झाल्या विमानात बसणाऱ्यापेक्षा इथे सनद घेऊन, तीन वर्षं काळा कोट घालून, नीट मसुदे लिहून मग निघणारा पुढे असतो. आपल्याकडे मात्र समज उलटा आहे. कळमनुरीत राहिला तर मागे पडेल असं आई-वडिलांना वाटतं.

सनदेचा खर्चही आता फार नाही. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बार कौन्सिलने नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेऊ नये. ती रक्कम खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. नोंदणी झाली की अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची, तिला टाळाटाळ करू नका. पुढे परदेशात पगारी नोकरी धरली तर इथली सनद स्थगित करण्याचा अर्ज बार कौन्सिलकडे द्यावा लागतो. सनद स्थगित झाली म्हणजे गेली असं नाही, परत आल्यावर ती पुन्हा सुरू करता येते. न कळवता नोकरी केली तर मात्र गैरवर्तनाचा प्रश्न येतो.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. तिथे देशाची एक सनद नाही, राज्याराज्याची वेगळी आहे. परदेशी शिकलेल्यांना न्यूयॉर्क सर्वांत ओळखीचं. न्यूयॉर्कचा नियम असा की तुमचा देश इंग्रजी कॉमन लॉच्या परंपरेतला असेल, कायद्याचं शिक्षण त्यांच्या तीन वर्षांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या तोडीचं असेल, आणि ते वर्गात बसून घेतलेलं असेल, तर एलएलएमशिवाय परीक्षेला बसता येतं. भारत त्या परंपरेत आहे. नियमित तीन वर्षांचं किंवा पाच वर्षांचं एलएलबी केलेल्या अनेक भारतीयांना तशी परवानगी मिळते. शिक्षणाचा कालावधी किंवा स्वरूप यांपैकी एखादी गोष्ट कमी पडली तर ती भरून काढायला तिथलं २४ क्रेडिटचं एलएलएम आहे. म्हणजे अमेरिकेत एलएलएमला काही जणांसाठी अर्थ आहे. पण तो अर्थ आधी न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळाला कागद पाठवून त्यांच्याकडून समजून घ्यायचा. एजंटकडून नाही. त्यांच्या मूल्यांकनाला महिने लागतात, आणि परीक्षा फेब्रुवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदाच असते. परदेशी शिकलेल्यांसाठी परीक्षेची फी ७५० डॉलर आहे. शिवाय नीतिनियमांची वेगळी परीक्षा आणि ५० तासांची विनामोबदला कायदेशीर सेवा.

इथे एक स्पष्ट बोलतो, कोणाला लागलं तर माफ करा. हजेरी कागदावर आणि मुलगा दुकानावर, असं एलएलबी करणारे आपल्याकडे आहेत. भारतात ते खपून जातं. परदेशी मंडळं मात्र पूर्णवेळ की अर्धवेळ, वर्गात की टपालाने, हे विचारतात आणि विद्यापीठाकडून लेखी मागवतात. तेव्हा वर्गात बसा. परदेशी जाणार नसाल तरीही बसा, पण तो वेगळा विषय झाला.

कॅनडाकडे आपल्या मुलांचा ओढा जास्त आहे, आणि परदेशी वकिलांसाठी सर्वांत मोकळी लिहिलेली पद्धत मला तीच वाटते. तिथे एनसीए नावाची समिती आहे, देशभरातल्या विधी संस्थांच्या महासंघाची. तुम्ही पदवी, गुणपत्रकं, सनद पाठवायची. ते पाहून ती समिती लेखी कळवते की तुम्हाला कुठले विषय द्यावे लागतील. कॅनडाचा घटनात्मक कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वं आणि व्यावसायिक जबाबदारी हे पाच जवळपास सर्वांनाच. शिवाय कायदेशीर संशोधन आणि लेखन. काहींना करार किंवा मालमत्तेसारखा एखादा विषय जास्तीचा. या परीक्षा ऑनलाइन होतात, पुस्तक उघडं ठेवून. पुस्तक उघडं आहे म्हणून सोपं समजू नका. ज्याने आधी वाचलं नाही त्याला पान सापडेपर्यंत वेळ संपतो. म्हणजे परीक्षेचा हा सगळा टप्पा बाळापुरात बसून पार पडू शकतो, वीज आणि इंटरनेट टिकलं तर. वीज गेली तर काय, याची सोय आधी करून ठेवा, मी गंमत करत नाही.

पण एनसीएचं प्रमाणपत्र हीसुद्धा सनद नाही. त्यानंतर प्रांत निवडायचा. ओंटारिओत बॅरिस्टरची आणि सॉलिसिटरची अशा दोन परीक्षा आणि काही महिन्यांची आर्टिकलिंग, म्हणजे एखाद्या वकिलाच्या हाताखालची उमेदवारी. बाहेरून आलेल्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते, कारण उमेदवारी देणारा वकील शोधावा लागतो आणि तिथे आपलं कोणी नसतं. आपल्या पेपरांची भाषाही तिथे विचारली जाते. शिक्षण इंग्रजी किंवा फ्रेंचमधून झालं नसेल तर भाषेची चाचणी. तुमच्यापैकी जे पेपर मराठीतून लिहितात त्यांनी तसंच लिहावं, त्यात काही कमीपणा नाही. कोर्टात मराठीच लागते. पण बाहेर जायचं मनात असेल तर इंग्रजी मसुदा लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावा. ती शेवटच्या सहा महिन्यांत लागत नाही.

आखाताबद्दल विचारणारे घराघरात आहेत, कारण प्रत्येक मोहल्ल्यातले दोन-चार जण तिथे आहेतच. दुबईच्या नेहमीच्या न्यायालयांत भाषा अरबी आहे आणि तिथे उभं राहणं मुख्यतः तिथल्या नागरिकांचं काम आहे. भारतीय वकील तिथे कंपन्यांमध्ये किंवा फर्ममध्ये सल्लागार म्हणून काम करतात. दुबईच्या आर्थिक केंद्राची, डीआयएफसीची, वेगळी न्यायालयं आहेत, ती इंग्रजीत आणि कॉमन लॉच्या पद्धतीने चालतात. तिथल्या फर्म उमेदवाराकडे इंग्लंडची सनद आहे का ते पाहतात. म्हणजे दुबईचा रस्तासुद्धा पुष्कळदा लंडनवरून जातो. मदरशात अरबी शिकलेल्या मुलांना इथे फायदा आहे, पण कायद्याची अरबी ही वेगळी शिकावी लागते.

आता एक कडू गोष्ट. यांपैकी कुठलीही परीक्षा पास झाली म्हणून व्हिसा मिळत नाही. सनद देणारी संस्था वेगळी, देशात राहू देणारं खातं वेगळं. एसक्यूई पास होऊन नांदेडमध्येच बसलेला माणूस कायद्याने इंग्लंडचा सॉलिसिटर होऊ शकतो, पण तिथे काम करायला त्याला पगाराची अट पूर्ण करणारी नोकरी आणि तिला जोडलेला व्हिसा लागेल. तिथल्या नोकऱ्या बहुतेक कंपन्यांच्या व्यवहारांत, करारांत, जमिनीच्या हस्तांतरात, स्थलांतराच्या कायद्यात आहेत. ज्याने इथे फक्त जामीन अर्ज आणि पोटगीचे दावे पाहिले, त्याला त्या फर्मचं दार उघडायला वेळ लागेल. म्हणून सनदेच्या पहिल्या तीन वर्षांत थोडं करारांचं, बँकेचं, कंपनीचं काम हाताखालून जाऊ द्या. वसमतला हळदीच्या निर्यातीचे करार होतात, ते वाचायला कोणी वकील लागतोच की.

पैशाचं बोलायलाच हवं. आपल्याकडे बरीच घरं व्याजाचं कर्ज घेत नाहीत. त्यावर मी इथे मत देणार नाही, पण त्याचा परिणाम असा होतो की कर्जाऐवजी जमीन जाते. केंद्राची ‘पढो परदेश’ योजना, जी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरचं व्याज भरत असे, २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाने अलीकडे परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, सुरुवात २७ विद्यार्थ्यांपासून. विद्यापीठाचं जागतिक क्रमांकातलं स्थान आणि उत्पन्नाची मर्यादा अशा अटी आहेत, त्या दरवर्षीच्या जाहिरातीत वाचा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पूर्ण खर्च देते. तिला २,८०० तासांच्या, म्हणजे सुमारे दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अशी शिष्यवृत्ती मिळाली तर एलएलएम जरूर करा, त्याने बुद्धी आणि ओळखी दोन्ही वाढतात. माझा आक्षेप एलएलएमला नाही. रान विकून, सनद समजून केलेल्या एलएलएमला आहे.

बारावीनंतर मुलाला थेट इंग्लंडला एलएलबीला पाठवणाऱ्या पालकांनी एक उलटा प्रश्न आधी विचारावा. परत आला तर? ते विद्यापीठ आणि ती पदवी भारतीय बार कौन्सिलच्या मान्यतेत आहे का, हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्या. मान्यता असली तरी परत आल्यावर बार कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागते. दोन वर्षांत उरकणाऱ्या पदव्यांना तर जास्तच अडचण येते.

आणि आता त्या अडचणीकडे येतो, जी मुलींसमोर आहे म्हणालो. मुलांसमोरही आहे, मुलींसमोर दुप्पट. नाव.

आपल्या कागदांवरची नावं एकदा काढून बघा. शाळेच्या टीसीवर ‘शेख आयेशा शेख रहीम’. आधारवर ‘आयशा बेगम’. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर. एलएलबीच्या गुणपत्रकावर ‘आयेशाबी’. निकाहनंतर पतीचं नाव लागलं ते रेशनकार्डावर, सनदेवर नाही. मुलांचं ‘मोहम्मद’ चार कागदांवर चार स्पेलिंगने, एकावर नुसतं ‘एमडी’. आपल्या तलाठ्याला, आपल्या बाबूला हे कळतं. लंडनच्या किंवा टोरांटोच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे चार वेगळे लोक वाटतात. परीक्षेच्या केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव नोंदणीशी जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी परत मिळेलच असं नाही.

याला औषध आहे, पण ते वेळखाऊ आहे. आधी एक नाव पक्कं ठरवा, शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्रावरचं. गरज असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा. मग त्याप्रमाणे आधार, पासपोर्ट, विद्यापीठाची नोंद आणि सनद. सनदेच्या अर्जावर नाव लिहिताना तर दहा वेळा बघा, कारण बाहेरच्या मंडळांना बार कौन्सिलचं ‘चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र’ लागतं आणि ते सनदेवरच्या नावानेच निघतं. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं एकत्रित गुणपत्रक, परदेशी मंडळाला विद्यापीठाकडून थेट किंवा मोहोरबंद पाकिटात लागतं. त्यासाठी विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात खेपा घालाव्या लागतील, त्या आतापासून धरा. पत्ता लिहिताना ‘आखाडा’ गाळू नका आणि तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली पूर्ण लिहा, नाहीतर तुमचं टपाल अकोल्याच्या बाळापूरला जायचं.

मी आणि आणखी दोन वकील पुढचे तीन रविवार सकाळी इथेच बसणार आहोत. पैसे घेणार नाही. येताना दहावीचं प्रमाणपत्र, टीसी, आधार, असेल तर पासपोर्ट आणि एलएलबीची सगळी गुणपत्रकं आणा, झेरॉक्स नको, मूळ कागद. आधी नावं जुळवू, देश नंतर ठरवू. आता ज्यांना काही विचारायचं आहे त्यांनी विचारा, मागच्या बाजूने सुरुवात करा.